‘फियास्को’ कोणाचा?

(कुर्डुवाडी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



एखादा लढा मागे घ्यावा लागला की वृत्तपत्रे त्यावर ‘फियास्को’ असा शिक्का मारून मोकळी होतात. हा शब्द मुळात काय सांगतो, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

‘फियास्को’ म्हणजे इटालियन भाषेत बाटली. तेथील नाट्यव्यवसायात ‘बाटली करणे’ म्हणजे रंगभूमीवर सपशेल पडणे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा अर्थ इंग्रजीत रूढ झाला. बिघडलेल्या काचपात्राची व्हेनिसचे कारागीर साधी बाटली करून टाकीत, ही कथा लोकप्रिय आहे. पण तिला पुरावा नाही. शब्द नाटकगृहातला आहे, एवढे मात्र निश्चित. तेथे निकाल देतो तो खुर्चीत बसलेला प्रेक्षक. आपली ‘फजिती’ही मूळ अरबी, तिच्यातही चारचौघांतली बेअब्रूच आहे. ‘पानिपत’ हा शब्द मात्र निराळा. १७६१ च्या पराभवातून आलेल्या त्या शब्दात हसू नाही, रणात पडलेल्यांची आठवण आहे.

कुर्डुवाडी हे जंक्शनचे आणि रेल्वे कारखान्याचे गाव. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे येथूनच निघाली. अशा गावाने तरी हा शब्द मे १९७४ च्या संपाला लावून पाहावा. बोनस, आठ तासांची पाळी आणि वेतनातील समानता यांसाठी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली ८ मे रोजी देशभरातील रेल्वे कामगार संपावर गेले. हजारोंची धरपकड झाली, अनेकांना बडतर्फ केले गेले, क्वार्टर्समधून कुटुंबे बाहेर काढली गेली. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. खुर्चीतून पाहणाऱ्यास हा ‘फियास्को’च होता. परंतु १९७७ नंतर रेल्वेमंत्री मधु दंडवते यांनी बडतर्फ कामगारांना पुन्हा कामावर घेतले आणि १९७९-८० पासून उत्पादकतेशी निगडित बोनसही सुरू झाला. तो संप म्हणजे पराभव होता, ‘फियास्को’ नव्हता.

पण हा न्याय स्वतःलाही लावला पाहिजे. १९७९ साली जनता पक्षाचे सरकार आपसांतील भांडणांनी कोसळले, तेव्हा ज्या जनतेने १९७७ ची निवडणूक स्वतः लढवली होती, तीच नेत्यांचा तमाशा पाहत बसली. तेथे हा शब्द नेमका लागू पडतो.

तात्पर्य, लोक स्वतः लढून हरले तर तो पराभव. त्यातून पुढचा लढा उभा राहतो. लोकांना प्रेक्षक करून नेते पडले तर तो ‘फियास्को’. कार्यकर्त्याने शब्द वापरण्यापूर्वी एवढाच प्रश्न विचारावा: त्या वेळी लोक कोठे होते?