विजेते गेले, जर्सी उरल्या



२०२४ च्या ३१ ऑगस्टला, शनिवारी संध्याकाळी, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अॅन आर्बर नावाच्या गावी लाखावर माणसं एका मैदानाभोवती बसलेली होती. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आणि स्टेडियममधल्या जागा १,०७,६०१. करोनाचं वर्ष सोडलं तर १९७५ पासून इथे घरच्या मैदानावरचा प्रत्येक सामना लाखाच्या वर गर्दीत झाला आहे. आणि खेळणारी कोण, तर मिशिगन विद्यापीठातली मुलं. आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली याच विद्यापीठात एमएस करायला येतात. पहिल्या सप्टेंबरातल्या एखाद्या शनिवारी घरून फोन गेला की मागून असा गलका ऐकू येतो की आईला वाटतं, दंगलबिंगल झाली की काय!

हा अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याला. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाऊन. आजच्यापुरतं एवढं पुरे.

मिशिगनचा संघ तेव्हा राष्ट्रीय विजेता होता. त्याच वर्षी ८ जानेवारीला ह्यूस्टनमध्ये त्यांनी वॉशिंग्टनला ३४-१३ असं हरवलं आणि हंगामातले पंधराच्या पंधरा सामने जिंकले. त्याआधीचं राष्ट्रीय विजेतेपद १९९७ सालचं, आणि तेही नेब्रास्काबरोबर वाटून घेतलेलं. म्हणजे गाव तेव्हा अजून जानेवारीतच रमलं असेल तर नवल नव्हतं. पण जानेवारीत खेळला तो संघ ऑगस्टात कुठे होता?

पुण्यात पुरुषोत्तम करंडक पाहिलेल्यांना ही गोष्ट चटकन कळेल. करंडक जिंकलेल्या एकांकिकेतली मुलं पुढच्या वर्षीपर्यंत पास होऊन गेलेली असतात. कॉलेजचं नाव तेच, रंगमंचावर पोरं नवखी, आणि आरोळ्या मात्र गेल्या वर्षीच्याच जोरात! इथे भर अशी की एनएफएल ही व्यावसायिक लीग दर एप्रिलला कॉलेजांमधून खेळाडू वेचते. २०२४ मध्ये तिने मिशिगनचे १३ जण उचलले. दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाचे त्या वर्षी इतके गेले नाहीत. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, जे. जे. मॅकार्थी दहाव्या क्रमांकावर मिनेसोटा व्हायकिंग्जकडे गेला. एका हंगामात धावत जाऊन २७ टचडाऊन करणारा ब्लेक कोरम लॉस अँजलिसला गेला. मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ यांनीही त्याच शहरातल्या चार्जर्स या एनएफएल संघाची वाट धरली.

विजेत्यांची अशी पांगापांग झाली की काय होतं, याचा तेव्हाचा ताजा दाखला लुइझियाना स्टेटचा. २०१९ च्या हंगामात तेही पंधराच्या पंधरा जिंकले. एनएफएलने त्यांचे १४ खेळाडू नेले, प्रशिक्षकांच्या ताफ्यातलीही माणसं गेली आणि २०२० मध्ये त्यांचा हिशेब झाला पाच विजय, पाच पराभव. करोनाचं वर्ष होतं म्हणतात. खरं आहे, पण करोना काही त्यांना एकट्यांनाच नव्हता.

मला स्वतःला क्वार्टरबॅकपेक्षा जास्त काळजी वाटत होती ती त्याच्या पुढ्यात उभ्या राहणाऱ्या पाच जणांची. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे या आक्रमक फळीकडे कुणाचं लक्ष जात नाही. एकेक गडी सव्वाशे किलोंच्या वरचा. चेंडू फेकणाऱ्याला तीन सेकंद मिळणार की दोन, धावणाऱ्याला फट सापडणार की भिंत, हे तेच ठरवतात. २०२३ च्या नोव्हेंबरात पेन स्टेटविरुद्ध मिशिगनने काय केलं बघा. सामन्याच्या नोंदीत त्यांच्या सलग ३२ चाली धावण्याच्याच लागल्या आहेत. समोरच्यांना ठाऊक होतं की हे धावणार, प्रेक्षकांना ठाऊक होतं, तरी थांबवता आलं नाही. २४-१५ ने जिंकले. ते ज्यांच्या खांद्यांवर झालं, ते पाचही जण २०२४ मध्ये संघात नव्हते. झॅक झिंटर हा त्यांतला सर्वांत भरवशाचा. ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्यात त्याचा पाय मोडला आणि पुढच्याच चालीला कोरमने टचडाऊन केला. असं एकजीव झालेलं पंचक एका उन्हाळ्यात बसत नाही.

क्वार्टरबॅक कोण, हेही तेव्हा अजून जाहीर झालेलं नव्हतं. अॅलेक्स ओर्जी दांडगा धावायचा, पण कॉलेजच्या सामन्यात त्याने चेंडू फेकलेला जवळपास कुणी पाहिलेलाच नव्हता. डेव्हिस वॉरन शिष्यवृत्तीशिवाय संघात आला आणि टिकून राहिला. जॅक टटलचं कॉलेजातलं ते सातवं वर्ष. दुखापती आणि करोनाची सवलत धरून असं होतं इथे. आपल्याकडे सातव्या वर्षी घरचे चौकशी करायला लागतात. माझा कौल होता वॉरनला. फेकणारा हवाच होता, कारण सगळे धावणार हे कळल्यावर समोरचा संघ आठ-नऊ जण पुढे आणून उभे करतो, आणि ही फळी आदल्या वर्षीची नव्हती.

जमेची बाजू बचाव. २०२३ च्या हंगामात सर्व देशात सर्वांत कमी गुण याच संघाने दिले. रोझ बोल या उपांत्य सामन्यात अलाबामाविरुद्ध बचावातला सर्वोत्तम ठरलेला मेसन ग्रॅहम होता, अंतिम सामन्यात तोच मान मिळवणारा विल जॉन्सन होता, ग्रॅहमशेजारी केनेथ ग्रँट होता. आक्रमणात कोल्स्टन लव्हलँड होता आणि वॉशिंग्टनविरुद्ध ४१ आणि ४६ यार्ड धावत दोन टचडाऊन करणारा डोनोव्हन एडवर्ड्स होता. त्या वर्षीच्या नव्या व्हिडिओगेमच्या वेष्टनावर एडवर्ड्सचा फोटो झळकत होता. त्याच वेष्टनावर टेक्ससचा क्वार्टरबॅक क्विन युवर्सही होता, आणि ७ सप्टेंबरला हे दोघे अॅन आर्बरमध्ये समोरासमोर येणार होते.

इथे कार्यक्रमपत्रिका पाहावी लागते. एकूण १२ सामने, त्यांतले आठ घरी. पहिले पाच तर सलग घरीच. संघ पहिल्यांदा बाहेर पडणार होता तो ५ ऑक्टोबरला, वॉशिंग्टनला. वाचायला गोड वाटत होतं. पण हंगामाआधीच्या क्रमवारीत ओहायो स्टेट दुसरा, ओरेगन तिसरा, टेक्सस चौथा, आणि मिशिगनला या तिघांशीही खेळायचं होतं. स्वतः मिशिगन नववा. मिशिगनच्या बिग टेन या संघटनेत आता नावाला दहा पण प्रत्यक्षात १८ विद्यापीठं आहेत. पॅसिफिक किनाऱ्यावरचे चार संघ २०२४ मध्ये आले. २०२३ मध्ये तीनच सामने जिंकलेल्या इंडियानाकडेही नवा प्रशिक्षक आला होता, तेव्हा नोव्हेंबरात तिथे जाताना हा सामना जिंकलाच, असं कुणी म्हणण्यात अर्थ नव्हता.

तेव्हाचे नवे प्रशिक्षक शेरोन मूर हे फळीचे गुरू. २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांची आक्रमक फळी देशात सर्वोत्तम ठरली होती. विरोधी संघांच्या खुणा आगाऊ टिपल्याच्या प्रकरणात बिग टेनने २०२३ मध्ये हार्बॉ यांना तीन सामने मैदानाबाहेर ठेवलं, तेव्हा संघ मूर यांनीच सांभाळला आणि ओहायो स्टेटला हरवलंही. त्या प्रकरणाची चौकशी २०२४ च्या ऑगस्टात अजून चालू होती. ती डोक्यावर घेऊन नवी माणसं उभी करणं सोपं नव्हतं.

आणि ओहायो स्टेट? तीन वर्षं लागोपाठ मिशिगनकडून हरल्यावर त्यांनी पैशाची पिशवी सैल सोडली. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा आहे, आणि विद्यापीठ बदलणंही आता सोपं झालंय. त्यामुळे अलाबामाहून केलेब डाउन्स, मिसिसिपीहून क्विन्शॉन जडकिन्स, कॅन्सस स्टेटहून क्वार्टरबॅक विल हॉवर्ड असे तयार गडी त्यांनी आणले. शिक्षणसंस्थांच्या नावाने चाललेला हा बाजार मला रुचत नाही, पण त्याचा परिणाम मैदानावर दिसणार हे नाकारूनही चालणार नव्हतं. त्यांच्याशी मिशिगनचा ३० नोव्हेंबरचा सामना त्या वर्षी त्यांच्याच अंगणात, कोलंबसला होता.

तेव्हा माझा अंदाज होता: आठ विजय, चार पराभव. टेक्सस आणि ओरेगन जड जातील, ओहायो स्टेट त्याहून जड, आणि एखादा पराभव ध्यानीमनी नसलेल्या जागी. त्या वर्षापासून अंतिम फेऱ्यांत चारऐवजी बारा संघ घेणार होते, पण आठ विजयांवर तिथे शिरकाव होणार नव्हता. बचाव इतका चांगला होता की कुणी यांचा फडशा पाडेल असं वाटत नव्हतं. सामने अटीतटीचे होतील, आणि गुण कमी लागतील, असंच वाटत होतं.

पहिला सामना फ्रेस्नो स्टेटशी होता. भारतात तेव्हा रविवारची पहाट, पाचचा सुमार. आता कधी असा सामना बघायला बसलात, तर सुरुवातीच्या काही चालींत चेंडूकडे बघू नका. मधल्या पाच जणांकडे बघा. चाल सुरू झाल्यावर ते पुढे सरकले की मागे रेटले गेले, तेवढं टिपून ठेवा. बाकीचं समालोचक सांगतीलच.