नांव कुणाचें?

जुन्या जाती विसरूं नयेत म्हणून इंग्लंडांत १९९० च्या ऑक्टोबरांत सफरचंदाचा सण सुरू झाला. एसेक्स परगण्यांतला कॉप्ड हॉल हा वाडा १९१७ सालीं जळाला. त्याची चार एकरांची भिंतींतली बाग लोक बिनपगारी खपून पुन्हां उभी करीत आहेत, आणि सणही तेच भरवितात. पूर्वीं अशा बागा माळ्यांच्या घामावर फुलत, नांव मात्र धन्याचें!

अशा सणांत लोक अनोळखी फळें आणतात. जाणते बागवान चिरून, निरखून त्यांची जात सांगतात. येथेंच आम्हांस एक गोष्ट खटकते. ब्रॅम्ली हें तिकडचें रांधावयाचें प्रसिद्ध सफरचंद. साउथवेल गांवीं १८०९ सालीं मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीनें बी पेरलें, तें हें झाड. पुढें १८४६ सालीं तें घर ब्रॅम्ली नांवाच्या खाटकानें घेतलें. मेरीवेदर या तरुण माळ्यानें कलमें मागितलीं, तेव्हां खाटकाची अट एकच: नांव माझें लावा! सफरचंद बियांपासून मूळ जातीचें येत नाहीं, आपल्या हापुसासारखें कलमच बांधावें लागतें. म्हणजे आजचें प्रत्येक ब्रॅम्ली त्या पोरीच्याच झाडाची फांदी. मग पाटीवर तिचें नांव कां नसावें?

आपल्या बांधावरचे रायवळ आंबे कोणीं लावले, हें घरच्या म्हाताऱ्यांस आजच विचारा. शाळेच्या वहींत आम्ही लिहून ठेवूं.