स्त्रियांचे अबोल दुखणे : योनिदाह आणि योनिमार्गाचे संसर्ग



काही आजार असे असतात की त्यांच्या वेदनेपेक्षा त्यांची लाजच माणसाला अधिक छळते. स्त्रियांच्या योनिमार्गाचा दाह आणि संसर्ग हा अशा आजारांपैकी एक होय. मराठीत त्याला ‘अंगावर पांढरे जाणे’ म्हणतात, हिंदी मुलखात ‘सफेद पानी’, तर आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘श्वेतप्रदर’. आजाराला भाषाभाषांतून नावे आहेत. पण ते नाव घरात मोठ्याने उच्चारले जात नाही. सासूला सांगायचे तर संकोच, पतीला सांगायचे तर संशयाची भीती, आणि डॉक्टर पुरुष असेल तर तोंडच उघडत नाही. परिणामी जो आजार सात दिवसांच्या औषधाने बरा व्हावा, तो वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो.

हे मौन किती खोल आहे याचा पुरावा महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यातून मिळाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 92 टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार होते. दर स्त्रीमागे आजारांची सरासरी 3.6 भरली आणि यांतील निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा होता. याआधी तपासणी व उपचार लाभलेल्या स्त्रिया होत्या अवघ्या 8 टक्के. त्या काळी खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असाच समज रूढ होता. या आकड्यांनी त्या समजाला धक्का दिला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अंगावरून जाणारा प्रत्येक स्राव हा रोग असतो काय? नाही. योनिमार्ग हा डोळा किंवा तोंड यांप्रमाणेच ओलसर अवयव आहे. स्वच्छ किंवा दुधाळ, दुर्गंध नसलेला, खाज न आणणारा स्राव हे निरोगीपणाचेच लक्षण होय. दोन पाळ्यांच्या मध्यावर तो वाढतो व चिकट होतो, गरोदरपणातही वाढतो. या स्रावाबरोबर शरीरातील ‘धातू’ किंवा हाडांचा अर्क वाहून जातो आणि म्हणून कंबर दुखते, अशी समजूत देशाच्या अनेक भागांत आहे. तिला आधुनिक शरीरशास्त्राचा आधार नाही.

योनिमार्गाचे संरक्षण कसे होते, हेही पाहण्यासारखे आहे. 1892 साली डोडरलाइन या जर्मन वैद्यकतज्ज्ञाने तेथे वस्ती करून राहणाऱ्या दंडाकार जंतूंचे वर्णन केले. दुधाचे दही करणाऱ्या जंतूंचेच हे भाईबंद. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखर साठते. तिच्यापासून हे जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे योनिमार्गाची आम्लता, शास्त्राच्या मोजमापात, साधारण 3.8 ते 4.5 सामू इतकी राहते आणि घातक जंतूंना तेथे पाय रोवणे कठीण जाते. हा समतोल बिघडला की आजार सुरू होतो.

या आजारांचे तीन प्रकार विशेष आढळतात. पहिल्यात उपकारक जंतू घटतात आणि इतर अनेक प्रकारचे जंतू बेसुमार वाढतात. स्राव पातळ, करडसर पांढरा होतो आणि त्याला मासळीसारखा वास येतो. खाज मात्र बहुधा नसते. वैद्यकात यास बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. दुसरा प्रकार कँडिडा या बुरशीचा. यात स्राव फाटलेल्या दुधासारखा किंवा दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट असतो, तीव्र खाज सुटते, त्वचा लाल होते आणि लघवी करताना आग होते. गरोदरपण, मधुमेह आणि प्रतिजैविक औषधांचा वापर यांमुळे या बुरशीला वाव मिळतो. ती वारंवार उद्भवत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. कित्येकींच्या मधुमेहाचा पत्ता असाच लागतो. तिसरा प्रकार ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीचा. पॅरिसच्या आल्फ्रेड डोने यांनी सूक्ष्मदर्शकाखाली 1836 साली त्याला प्रथम पाहिले. यातील स्राव पिवळसर हिरवा, कधी फेसाळ असतो आणि हा आजार लैंगिक संबंधातून पसरतो.

याखेरीज पाळी कायमची थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते, योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते आणि आग होऊ लागते. येथे मूळ दोष जंतूंचा नसतो. म्हणून जंतुनाशक गोळ्यांनी गुण येत नाही. स्थानिक लावण्याचे इस्ट्रोजेन मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरल्यास आराम पडतो. साबण, सुगंधी द्रव्ये, जंतुनाशक पाणी यांनीही दाह होतो. वास घालविण्यासाठी योनीच्या आत तुरटीचे किंवा जंतुनाशकाचे पाणी घेणाऱ्या स्त्रिया आहेत. त्या अजाणता आपल्याच रक्षक जंतूंचा नाश करतात, आणि वास अधिकच वाढतो. योनिमार्ग स्वत:ला आतून स्वच्छ राखतो. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला की पुरे. शौचानंतर पुढून मागे धुवावे, सुती कपडे वापरावे, पाळीची कापडे धुऊन लपवून न ठेवता उन्हात वाळवावी. मात्र अस्वच्छतेमुळेच आजार होतो असे मानून स्त्रीला दोष देणे चुकीचे आहे. अत्यंत टापटिपीने राहणाऱ्या स्त्रीलाही हे आजार होतात.

उपचार साधे आणि स्वस्त आहेत. पहिल्या व तिसऱ्या प्रकारात मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या बहुधा सात दिवस देतात. बुरशीसाठी योनीत ठेवण्याच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या किंवा फ्लुकोनॅझोलची 150 मिलिग्रॅमची एक मात्रा पुरते. गरोदर स्त्रीने मात्र पोटात घेण्याचे हे औषध टाळून स्थानिक औषधच वापरावे. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत आणि शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे समजू नये, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या स्रावांची कारणे वेगळी असतात. प्रयोगशाळा जवळ नसेल तेथे लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत भारतातील सरकारी आरोग्य कार्यक्रमाने स्वीकारली आहे. ती सोयीची आहे, पण अचूक नाही. स्रावाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पुष्कळदा निदान काही मिनिटांत होते.

येथे पतीचा प्रश्न उपस्थित होतो. ट्रायकोमोनासची बाधा असलेल्या पुरुषाला बहुधा कोणतेच लक्षण जाणवत नाही. तो स्वत:ला निरोगी समजतो. स्त्री औषध घेऊन बरी होते आणि पतीकडून पुन्हा बाधित होते. म्हणून दोघांचे उपचार एकाच वेळी व्हावे लागतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये पुरुषाच्या उपचाराची गरज नाही, असे दीर्घकाळ मानले जात होते. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासाने हे मत बदलविले. केवळ स्त्रीवर उपचार केले तेव्हा 63 टक्के स्त्रियांना तीन महिन्यांत आजार पुन्हा झाला. पतीवर वा जोडीदारावरही उपचार केले तेव्हा हे प्रमाण 35 टक्क्यांवर आले. ज्या स्त्रीला ‘तुझ्याच अंगात दोष आहे’ असे ऐकून घ्यावे लागले असेल, तिला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आणखी एक बाजू ध्यानात घेतली पाहिजे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत अंगावरून जाण्याच्या तक्रारीशी सर्वांत घट्ट नाते आढळले ते मानसिक व सामाजिक कारणांचे. जिला दु:ख सांगण्यास दुसरी वाट नाही, ती कधी कधी या तक्रारीच्या रूपाने ते सांगते. याचा अर्थ तक्रार खोटी असा नव्हे. तपासणीत संसर्ग न आढळल्यास ‘काही झालेले नाही’ म्हणून तिला परत पाठविण्याऐवजी घरी काय चालले आहे, झोप लागते काय, मारहाण होते काय, हे विचारणे हाही उपचाराचाच भाग होय.

मौनाची किंमत कधी कधी फार मोठी असते. साध्या श्वेतप्रदराच्या तक्रारीवर कर्करोगाची भीती दाखवून गर्भाशयच काढून टाकल्याची उदाहरणे देशात घडली आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी मजूर स्त्रियांमधील अशा शस्त्रक्रियांची 2019 साली राज्य शासनाला चौकशी करावी लागली, आणि अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांना आळा घालण्याविषयी 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना निर्देश दिले. योनिमार्गाच्या संसर्गासाठी गर्भाशय काढावे लागत नाही. असा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा स्त्रीचा हक्क आहे.

मात्र काही लक्षणे मुळीच अंगावर काढू नयेत : ताप व ओटीपोटात दुखणे, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, रक्तमिश्रित दुर्गंधी स्राव, आणि गरोदरपणातील कोणताही वासाचा किंवा खाजेचा स्राव, कारण काही संसर्गांमुळे मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका वाढतो. तसेच तीस ते पासष्ट वर्षे वयाच्या स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी करून घ्यावी. भारतातील सरकारी कार्यक्रमात तिची तरतूद आहे. ती काही मिनिटांत होते व दुखत नाही.

गडचिरोलीच्या त्या पाहणीतील 45 टक्के स्त्रियांनी आपल्याला काहीच त्रास नसल्याचे सांगितले होते. काही आजारांना लक्षणेच नसतात, हे त्याचे एक कारण. पण इतका त्रास बाईच्या जन्माला असायचाच, असे मानून चालणाऱ्या स्त्रिया आजही खेड्यात आणि शहरात भेटतात. त्यांना औषधाच्या आधी एका वाक्याची गरज आहे : हा त्रास म्हणजे नशीब नव्हे, हा आजार आहे, आणि तो बरा होतो. हे वाक्य आईने मुलीला, सासूने सुनेला आणि आशा कार्यकर्तीने घरोघरी सांगितले, तर निम्मे काम झाले असे समजावे. उरलेले निम्मे दवाखान्यात होईल.