वाद घालणारा विद्यार्थी



“पोरगं कॉलेजात गेलं आणि उलट बोलायला लागलं,” ही तक्रार खेडोपाडी आजही ऐकू येते. तक्रार करणारा बाप अडाणीच असतो असे नाही. पुष्कळदा तो स्वतःच शिक्षक असतो. त्याचे म्हणणे असे, की मुलाला धाडले ते पोटापाण्याची विद्या मिळवायला. माणसाने कोणाचे ऐकावे, किती ऐकावे, स्वातंत्र्य म्हणजे काय, असले वाद ज्यांच्या घरी खायची ददात नाही त्यांनी खुशाल घालावेत. आपल्याला ते परवडायचे नाहीत.

हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्याचा विचार करण्यासाठी मी आपणांस जरा दूर, अमेरिकेत नेणार आहे. मात्र तिथल्या नामांकित विद्यापीठांत नव्हे. कामकऱ्यांची मुले जिथे शिकतात त्या कम्युनिटी कॉलेजांत.

इलिनॉय राज्यात जोलिएट या गावी १९०१ साली अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर एक ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. कल्पना साधी होती. घरदार सोडून दूर न जाता विद्यापीठाची पहिली दोन वर्षे मुलाला गावातच पुरी करता यावीत. पुढे १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजे देशभर काढावीत असे सुचविले, आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रुळले. आज अशी सुमारे एक हजार कॉलेजे तिकडे आहेत. एकट्या कॅलिफोर्नियात ११६. त्या राज्यात तर १९८४ पर्यंत रहिवाशांकडून शिकवणीची फी घेतच नसत.

या कॉलेजांत प्रवेशाला गुणांची चाळणी बहुधा नसते. एका इमारतीत नर्सचे शिक्षण चालते, दुसरीत वेल्डिंग, तिसरीत हिशेबनिशी. एकोणीस वर्षांच्या पोराशेजारी चाळिशीची बाई बसलेली असते. बरेचजण कुठे ना कुठे कामाला असतात. कोणी पाळी संपवून येतो, कोणाला वर्ग सुटल्यावर पाळीवर जायचे असते. आणि याच कॉलेजात प्लेटो, सॉक्रेटिसाचा खटला, जॉन स्टुअर्ट मिल हेही शिकवतात. ज्याला पुढे विद्यापीठात जायचे आहे त्याला काही सर्वसाधारण विषय घ्यावेच लागतात, आणि त्यांत तत्त्वज्ञान निवडता येते.

मिलचे ‘ऑन लिबर्टी’ हे पुस्तक १८५९ सालचे. त्यातला मुद्दा थोडक्यात असा : सज्ञान माणसाच्या वागण्याने दुसऱ्याला इजा होत नसेल, तर केवळ त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी म्हणून त्याच्यावर सक्ती करू नये. आता असा एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. प्रश्न निघाला आहे मोटारसायकलवर हेल्मेट घालण्याच्या सक्तीचा. हा प्रश्न आपल्याकडेही काही नवा नाही! एक तरुण म्हणतो, “डोकं माझं, गाडी माझी, सरकारचं काय जातं?” मागच्या बाकावर एक बाई आहे, ती नर्सिंग शिकते आणि रात्री इस्पितळात काम करते. ती म्हणते, “तुझं डोकं फुटलं की रात्रभर उशाशी मीच बसते.” तरुणही काही कच्चा नाही. तो विचारतो, “मग विड्या ओढणं बंद करा, गोडधोड बंद करा, त्यांच्याही उशाशी तुम्हीच बसता ना?” यावर दोन मुलांचा बाप असलेला एक मेकॅनिक हळूच बोलतो, “मला पोरं झाल्यापासून माझं डोकं एकट्या माझं राहिलं नाही.”

आणि इथे शिक्षकाने विचारावे, “म्हणजे मुलं झाली की माणसाचं स्वातंत्र्य कमी होतं काय?”

पाहा, ‘इजा’ हा पुस्तकातला एक शब्द. तो किती उलगडत गेला! प्रत्येकाने आपल्या कामातून, आपल्या घरातून त्यात भर घातली. तत्त्वज्ञान हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असे ज्यांना वाटते त्यांनी असा वर्ग ऐकावा. माझे तर मत असे, की ज्याच्या अंगावर जबाबदारी पडली आहे त्याच्याच तोंडी हा विषय शोभून दिसतो.

आणखी एक बाजू आहे. आयझाया बर्लिन यांनी १९५८ साली ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात स्वातंत्र्याच्या दोन कल्पना वेगळ्या काढून दाखविल्या. आपल्याला कोणी अडवीत नाही, ही एक. आपण आपले धनी आहोत, ही दुसरी. ज्या विद्यार्थ्याची पाळी मुकादमाने आयत्या वेळी बदलली आणि म्हणून वर्ग बुडाला, त्याला हा भेद फार समजावून सांगावा लागत नाही. कॉलेजात यायला त्याला कोणीच बंदी केलेली नव्हती. पण तो आला नाही, हेही खरेच.

शिक्षकबंधूंसाठी जाता जाता एक गोष्ट सांगतो. आपल्याकडच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय ते कळावे म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचे काहीही न मांडता दुसऱ्याचे केवळ खोडून काढायचे, ती वितंडा. मुलगा उलट बोलतो म्हणून आपण रागावतो तेव्हा तो यांपैकी काय करतो आहे, हे आपण पाहतो का? वितंडेला आळा घालायला एक सोपी युक्ती आहे. दुसऱ्याचे म्हणणे, त्याला पटेल अशा शब्दांत, आधी सांगायचे आणि मगच ते खोडायचे. नववीच्या वर्गातही हे जमते. पहिले चार दिवस गोंधळ होतो, एवढेच.

बरे, वर्ग सुटल्यावर ही चर्चा जाते कुठे? बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना वसतिगृह नसते. तास संपला की जो तो बसच्या थांब्याकडे नाहीतर गाडीकडे पळतो. अर्धवट राहिलेला वाद गाड्या उभ्या करण्याच्या मैदानात विरून जातो. म्हणून कॉलेजच्या आवारात बोलण्याची मुभा किती, हा प्रश्न इथे फार मोलाचा ठरतो.

एके काळी अमेरिकेतही कॉलेज हे विद्यार्थ्याचे पालकच मानले जाई, आणि पालक सांगेल ती शिस्त. अलाबामा राज्यात १९६० साली काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात बसून आपला हक्क मागितला, तेव्हा त्यांच्या सरकारी कॉलेजातून काहींची नावे चौकशीवाचून कमी करण्यात आली. १९६१ साली अपील न्यायालयाने निकाल दिला, की विद्यार्थ्याला कारण कळविल्याशिवाय व त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय सरकारी कॉलेजाला त्याला काढून टाकता येणार नाही. हे कॉलेज चार वर्षांचे होते. पण निकालाचा फायदा दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या मुलांनाही पुढे झाला.

तरी सवय लवकर जात नाही. १७ सप्टेंबर हा अमेरिकेत संविधान दिन. २०१३ साली त्याच दिवशी कॅलिफोर्नियातील मॉडेस्टो ज्युनिअर कॉलेजात एक विद्यार्थी संविधानाच्या प्रती फुकट वाटत होता. त्याला अडविण्यात आले. सांगण्यात आले, की असे काही करायचे तर नेमून दिलेल्या छोट्या जागेत, आणि तीही आधी नोंदवून. प्रकरण न्यायालयात गेले. २०१४ साली कॉलेजाने ५०,००० डॉलर देऊन तडजोड केली आणि नियम बदलण्याचे मान्य केले. संविधान वाटायला परवानगी हवी, आणि तीही संविधानाच्याच दिवशी!

अधिकाऱ्यांना ही भीती का वाटते? ती अगदीच निराधार नाही, हे सांगितले पाहिजे. त्याच राज्यात ओकलंड शहरातल्या ग्रोव्ह स्ट्रीटवर मेरिट कॉलेज होते. १९६० नंतरच्या वर्षांत तिथे पत्र्याच्या कामातला कारागीर बॉबी सील आणि ह्यूई न्यूटन हे दोघे विद्यार्थी एकमेकांस भेटले. न्यूटनने आत्मचरित्रात लिहिले आहे, की हायस्कूल संपले तरी त्याला धड वाचता येत नव्हते, आणि प्लेटोचे ‘रिपब्लिक’ पुनःपुन्हा वाचून तो वाचायला शिकला. कॉलेजात, रस्त्याच्या कोपऱ्यावर, रात्र रात्र चर्चा चालत. आपल्या लोकांचा इतिहास शिकवा, अशी विद्यार्थ्यांनी मागणी केली आणि ती पुरी करून घेतली. ऑक्टोबर १९६६ मध्ये या दोघांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्या पक्षाने आरंभीच बंदूक हाती घेतली; त्यापायी दोन्हीकडची माणसे मेली. ती वाट मला पटत नाही. पण शाळेने अर्धवट सोडून दिलेली मुले याच कॉलेजात आपल्या हालअपेष्टांना नावे द्यायला शिकली, हेही तितकेच खरे.

या नावाचा पडसाद आपल्याकडेही उमटला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ओकलंडच्या पँथरांचे नाव घेऊन; आणि तिच्या तरुणांच्या चर्चाही वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात रंगत असत. बोलायला जागा लागते, ती अशी.

मेरिट कॉलेज १९७१ साली ओकलंडच्या टेकड्यांवर नव्या आवारात गेले. वस्तीतल्या लोकांचा त्याला विरोध होता. आवार मोठे, हवा छान, समोर खाली सारे शहर दिसते. ग्रोव्ह स्ट्रीटला आता मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आहे. पूर्वी त्या रस्त्यावरचा माणूस कामावरून परतताना चालत कॉलेजात शिरे आणि चर्चेत उभा राही. आता वर जायचे तर आधी बस धरावी लागते.