आधी पात, मग कांदा

परसबागेत कांदा लावणाऱ्या पुष्कळांचा अनुभव सारखाच असतो. रोपे जगतात, हिरवी राहतात आणि एप्रिलमध्ये उपटून पाहावे तर हाती सुपारीएवढे कांदे येतात. मग दोष मातीला दिला जातो, नाहीतर बियाण्याला, आणि पुढच्या वर्षी दुप्पट खत पडते. माझे म्हणणे असे की, बहुतेक वेळा दोष ना मातीचा असतो ना खताचा. कांदा किती मोठा होणार हे तो पोसायला लागण्यापूर्वीच बरेचसे ठरून गेलेले असते आणि ते ठरवते पात. कांदा आडवा चिरला की जी वलये दिसतात, त्यांतले बाहेरचे प्रत्येक वलय म्हणजे एकेका पातीचा बुडाचा, अन्न साठवून जाड झालेला भाग. गाभ्यातली थोडी वलये तेवढी पात न फुटता तयार होतात. एकदा कांदा धरू लागला की नवी पात येणे थांबते. त्या दिवशी रोपाला सहा पाती असतील तर सहांच्या कमाईवर कांदा पोसेल, बारा असतील तर बारांच्या.

तो दिवस कोण ठरवते? मुख्यतः सूर्य. दिवसाच्या लांबीवर झाडांची वाटचाल अवलंबून असते हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडले. कांद्यात त्या तत्त्वाचा परिणाम फुलावर नव्हे, तर गड्डा धरण्यावर दिसतो. आपल्याकडच्या जातींना त्यासाठी सुमारे ११ ते १२ तासांचा दिवस पुरतो, आणि वाढत्या उन्हाने ही क्रिया आणखी घाईने होते. पुण्यात डिसेंबरअखेरचा सर्वांत लहान दिवस जवळपास ११ तासांचा असतो आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो १२ तासांवर जातो. म्हणजे उन्हाळ कांद्याला पाती वाढवायला मिळतात ते डिसेंबर, जानेवारी आणि फार तर फेब्रुवारीचे पहिले काही दिवस. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरच्या आरंभी बी टाकून सात-आठ आठवड्यांचे रोप डिसेंबरात लावले, तर ही सगळी थंडी त्याच्या वाट्याला येते. जानेवारीअखेर लावलेल्या रोपाला मुळे धरतात न धरतात तोच गड्डा धरण्याचा इशारा मिळतो.

याचा पुरावा शेतकऱ्यांच्याच एका पद्धतीत आहे. खरिपाचा कांदा लवकर यावा म्हणून काही ठिकाणी रोपांऐवजी बारीक कांद्या लावतात. त्या मुद्दाम बारीक कराव्या लागतात, आणि त्यासाठी बी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, दाट पेरतात. एप्रिल-मेपर्यंत दीड-दोन सेंटिमीटरच्या कांद्या तयार होतात. परसबागेत जे नकळत घडते ते इथे ठरवून केले जाते: उशीर आणि दाटी. दाटीचे काम दुहेरी आहे. अन्नपाणी वाटले जाते हे उघड आहे. पण शेजारच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडात लाल किरण कमी आणि त्यांच्या पलीकडचे अतिलाल किरण जास्त असतात, आणि त्या उजेडातला कांदा मोकळ्या जागेतल्या कांद्याआधी धरू लागतो. दाटी तणाची असली तरी हेच होते. म्हणून पहिल्या दोन महिन्यांतली खुरपणी मला खताच्या जादा मात्रेपेक्षा मोलाची वाटते.

इथे एक रास्त शंका येते. शेतात १५ बाय १० सेंटिमीटर अंतराची शिफारस आहे, मग आपण वेगळे का वागावे? त्या अंतराने चौरस मीटरला ६६ रोपे बसतात. शेतकऱ्याला एकूण वजन हवे असते आणि बाजाराला मध्यम, टिकणारा कांदा. त्याचा हिशेब बरोबरच आहे. ज्याला मोठा कांदा हवा, त्याने २० बाय २० वर जावे. रोपे पंचवीसच बसतील, एकूण वजनही कमी भरेल. ही किंमत मान्य असेल तरच मोठ्या कांद्याच्या मागे लागावे.

दुसरी शंका परदेशी बियाण्याची. इंग्लंडमध्ये हॅरोगेटच्या प्रदर्शनात २०२३ साली जवळपास ९ किलोचा कांदा आला होता; ते बी आणून का लावू नये? कारण त्या जातींना गड्डा धरायला १४ ते १६ तासांचा दिवस लागतो आणि आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास संपतो. इथे त्यांची नुसती पात वाढत राहील. त्यांच्याकडून घ्यायचे ते बी नव्हे, रीत. तिथले हौशी लोक ऐन हिवाळ्यात, उबदार काचघरात बी टाकतात, म्हणजे जूनचे लांब दिवस येईपर्यंत रोप पातींनी भरलेले असते. आपल्यासाठी राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा शक्ती, भीमा किरण किंवा जुनी एन-२-४-१ या रब्बीच्या जाती योग्य आहेत.

मग बी ऑगस्टमध्येच का टाकू नये? कारण रोप फार जून आणि जाड होऊन थंडीत सापडले की ते फुलावर येते, डेंगळे निघतात आणि कांदा मधोमध पोकळ, दांड्याचा होतो. खरिपाची जात रब्बीत लावली तरी हाच धोका असतो. घाईलाही मर्यादा आहे ती अशी.

खत निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. त्याची वेळ पातीची आहे. शेणखत लागणीपूर्वी, आणि नत्र लागणीनंतर ३० ते ४५ दिवसांत संपवावे. पुढे दिलेल्या नत्राने मान जाड राहते आणि असा कांदा लवकर सडतो. मुळे वरच्या वीतभर थरातच असल्याने पाणी थोडे पण वरचेवर हवे. ताण देऊन मग एकदम भिजवले की कांदे फुटतात, जोड निघतात. फुलकिड्यांकडे दुर्लक्ष नको, कारण ते पातीचाच रस शोषतात. आणि भाजीसाठी अधूनमधून पात खुडण्याची आपली सवय इथे महाग पडते. पातीसाठी वाफ्याचा एक कोपरा वेगळा, दाट लावावा. निम्म्या माना पडल्या की कांदा काढायचा, त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचे, आणि सावलीत सुकवून झाल्यावर सर्वांत मोठे आणि जाड मानेचे कांदे आधी स्वयंपाकात वापरायचे, मध्यम तेवढे पावसाळ्यासाठी टांगून ठेवायचे.