मोटारीची मालकी



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने आलिशान मोटारींवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्याने विचारलेच, "का हो, मोर्चे संपले काय?" मोर्चे संपलेले नाहीत. पण मोटार ही वस्तू अशी आहे की तिच्या आत एक जण बसतो आणि तिच्या खाली दुसरा निजतो; आमचा सारा संबंध आला तो खाली निजणाऱ्याशी. शाळा आमची सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या आणि गॅरेजच्या बाकांवर झाले. तेव्हा आज आम्ही जे सांगणार आहोत ते गॅरेजच्या बाकावरून दिसलेले आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला. मर्सिडीज कंपनीने पुण्यात मोटारी जुळवायला सुरुवात केली ती १९९५ साली. म्हणजे ती गाडी आपल्या जिल्ह्यापेक्षा तीन वर्षांनी वडील! आज लग्नसराईत कोणत्याही मंगल कार्यालयापुढे उभे राहा. लांब डिकीच्या, नाकावर तारा, वर्तुळे किंवा निळीपांढरी चकती मिरवणाऱ्या चार गाड्या तरी दिसतील. त्यांच्या पाट्या वाचा. एम. एच. ३७ हा आपला क्रमांक थोड्यांवर. बाकीच्यांवर पुण्याचा १२ किंवा अंधेरीचा ०२. या गाड्या तिकडच्या साहेबांनी पाच-सात वर्षे वापरून विकल्या आणि आपल्याकडच्या डॉक्टरांनी, कंत्राटदारांनी, अडत्यांनी घेतल्या. नवीन घ्यायची तर पन्नास-साठ लाख मोजावे लागतात. त्यात सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर वस्तू व सेवा कर ४० टक्के आहे. तीच दहा वर्षांची झाली की दहा-बारा लाखांत दारात येते. नव्या साध्या गाडीच्या किमतीत राजाचा रथ! मोह कोणाला होणार नाही?

या मोहाची एक जाहीर कथा आपल्या शेजारच्या औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या व्यापारी, उद्योजक, डॉक्टर मंडळींनी एकजूट करून एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा ६५ कोटींचा. देशभर वाहवा झाली. बँकेने कर्ज दिले ते सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने. त्याच काळात मराठवाड्यातला शेतकरी ट्रॅक्टरच्या कर्जाला बारा टक्के आणि त्याहूनही अधिक व्याज भरत होता, पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच ही तफावत लिहून ठेवली. एकजुटीने भाव पाडून घेण्याची विद्या ही वास्तविक आमच्या संघटनेची. ती दीडशे मोटारींसाठी वापरलेली पाहून आम्हांला हसू आले आणि थोडा हेवाही वाटला. असो. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्या दीडशेंपैकी ज्या आज रस्त्यावर असतील, त्या पुन्हा तपासणी आणि फेरनोंदणी करूनच धावत असतील. खरेदीच्या दिवशीचे फोटो सगळ्यांनी पाहिले. पंधरा वर्षांत त्या कोणी दुरुस्त केल्या, किती पैशांत केल्या, याचा फोटो कोणी काढला नाही. आम्हांला बोलायचे आहे ते त्याविषयी.

पहिली गोष्ट हिशेबाची. मोटारीची किंमत वर्षागणिक घसरते. तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. गाडी दहा लाखांची झाली म्हणून हेडलाइट दहा लाखांच्या गाडीचा मिळत नाही. तो साठ लाखांच्याच गाडीचा असतो. हे गणित विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. आमचा सांगावा असा की, जुनी आलिशान गाडी घेताना किमतीचा चौथा हिस्सा पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढता येत नसेल, तर ती घेऊ नये. शेजाऱ्याचा सल्ला, दलालाची शपथ आणि गाडीची पॉलिश या तिन्ही गोष्टी सारख्याच चमकतात.

दुसरी गोष्ट मोटारीच्या पोटातली. जुनी फियाट किंवा अँबॅसडर आठवा. बॉनेट उघडले की सगळे डोळ्यांना दिसे. प्लग काढून मिस्त्री त्याचा रंग पाही, इंजिनाला कान लावी, आणि कारंजा असो की मानोरा, पाना सर्वत्र सारखाच चाले. आजच्या गाडीत लहानमोठे कित्येक संगणक असतात. ब्रेकचा वेगळा, गिअरबॉक्सचा वेगळा, दाराच्या काचेचासुद्धा वेगळा. सगळे एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. ही बोली बॉश या जर्मन कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते. तिथे स्कॅनर लावला की बिघाडाचा आकडा समजतो. पण आकडा समजणे निराळे आणि गाडीला हुकूम देणे निराळे. वाचायची मुभा सर्वांना, लिहायची किल्ली कंपनीच्या हातात, असा हा कारभार आहे.

एक उदाहरण सांगतो. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीने अशाच एका गाडीत नवी बॅटरी घातली. बॅटरी योग्य मापाची, तारा घट्ट, काम चोख. तरीही पडद्यावर इशारे येतच राहिले. या गाड्यांत नवी बॅटरी बसवली की संगणकाला तसे कळवावे लागते. नाहीतर तो तिला जुनी, थकलेली समजूनच वीज भरत राहतो आणि नवी बॅटरी अकाली मरते. मिस्त्री आम्हांला म्हणाला, "भाऊ, बॅटरी म्या बसोली, पन गाडी तिले वळखतच नाही. कंपनीची चिठ्ठी आनल्याबिगर तिले खरं वाटत नाही." अखेर गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून नागपूरला गेली. कळवण्याचे काम दहा मिनिटांचे. ज्याच्या वीस वर्षांच्या हाताला गाव मानते, त्याला गाडी मानत नाही. आणि मालकाने रोख पैसे मोजले, तरी गाडी त्याच्या सांगण्यावरून बॅटरीही ओळखत नाही. मग मालकी ती कोणती?

आता काही कामाचे सांगतो, कारण इथे गाडीचे मालकही बसलेले आहेत.

बऱ्याच आलिशान गाड्यांना लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे असतात आणि त्यांत हवा भरायला एक कॉम्प्रेसर असतो. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन आणि शेतरस्त्याची धूळ यांनी रबराला बारीक भेगा पडतात. फुगा थोडा थोडा गळतो. कॉम्प्रेसर बिचारा ती तूट भरून काढण्यासाठी पुन्हा पुन्हा धावतो आणि शेवटी स्वतः जळतो. फुगा एक फाटला होता, बिल मात्र दोन वस्तूंचे येते. (हे आमच्या कारखान्यात नित्य पाहिलेले आहे: एक माणूस कमी केला की दुसरा राबून आजारी पडतो, आणि मालक म्हणतो हल्लीची माणसे टिकत नाहीत.) उपाय फुकटचा आहे. रात्री गाडी सपाट जागी लावा आणि सकाळी चारी चाकांवरची उंची पाहा. एक कोपरा खाली बसलेला दिसला की त्याच आठवड्यात दाखवा. महिना काढू नका.

इंजिनाच्या गार पाण्याची टाकी आणि नळ्यांचे जोड या गाड्यांत प्लॅस्टिकचे असतात. आठ-दहा उन्हाळे सोसले की ते ठिसूळ होतात. कुलंट कमी होत असेल तर नुसते पाणी ओतून वेळ मारून नेऊ नका, गळती शोधा. तापलेल्या इंजिनाचे हेड वाकले, की मग खिसाही वाकतो. आपल्याकडचे गतिरोधक तर सरकारने मोजून घातलेले नसून गावाने रागाने घातलेले असतात. डिकीची गाडी जमिनीलगत. चेंबर आधी तिथेच फुटते. तेलाचा दिवा लागला तर जिथे असाल तिथे इंजिन बंद करा. 'गावापर्यंत नेतो' म्हणणाऱ्याचे इंजिन गावापर्यंत पोचत नाही.

डिझेल गाडी १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बी. एस. ६ ची असेल, तर तिच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी चाळणी असते. ती चाळणी स्वतःची काजळी स्वतः जाळते, पण त्यासाठी गाडी तापावी लागते, काही वेळ सलग धावावी लागते. घर ते दवाखाना आणि दवाखाना ते क्लब एवढेच फिरणाऱ्या डॉक्टरसाहेबांची चाळणी तुंबणारच. त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा समृद्धी महामार्गावर चढावे. हा रस्ता ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि आपल्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो. मात्र चढण्याआधी टायर पाहावे. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारे होते. तापलेल्या काँक्रीटवर ताशी १२० च्या वेगाने म्हातारा टायर फुटला, तर त्या वेळी नाकावरचा तारा वाचवायला येत नाही.

गाडी 'वाढवण्याची' हौस ही याच रोगाची धाकटी बहीण. मोठी चाके, गर्जणारा सायलेन्सर, डोळे दिपवणारे दिवे, काळ्या काचा, आणि आता संगणकात फेरफार करून इंजिनाची ताकद वाढवणे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असा आहे की, कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल केलेली गाडी नोंदवता येत नाही. काचांवरच्या काळ्या फिल्मला तर २०१२ मध्येच मनाई झाली. अपघात झाला की विमा कंपनी हेच आधी शोधते. ताकद वाढवलेल्या इंजिनाचा भार गिअरबॉक्स सोसतो. त्याला कोणी विचारलेले नसते. पैसे घालायचेच असतील तर चांगल्या टायरांत, ब्रेकच्या पॅडांत आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलण्यात घाला.

आता किल्लीचा प्रश्न. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. कारण हेच, की अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधणारी साधने त्या बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळू देत नव्हत्या, आणि बाहेर दुरुस्ती केली तर हमी नाकारीत होत्या. प्रकरण पुढे अपिलात गेले आणि वर्षे उलटली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्येच मत टाकून हा हक्क मिळवला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारे आणि मोटारी हे दोन्ही विषय एकत्र होते, हे विशेष. २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळही सुरू झाले. सक्ती करणारा स्वतंत्र कायदा मात्र अजून नाही. ट्रॅक्टरवाला आणि मर्सिडीजवाला व्याजाच्या बाबतीत दोन टोकांना उभे होते. कुलपाच्या बाबतीत एकाच रांगेत आहेत. त्यांनी एकमेकांकडे वळून पाहिले पाहिजे, आणि दोघांनी मिळून मिस्त्रीकडे.

मिस्त्रीची स्थिती काय? आपल्याकडच्या गॅरेजात एक उस्ताद आणि तीन-चार पोरे असतात. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा पूर्णपणे लागू होतो तो वीस किंवा अधिक कामगारांना. त्याखाली नुसती माहिती कळवली की भागते. म्हणजे साठ लाखांच्या गाडीखाली निजलेल्या पोराची सुट्टी, कामाचे तास, हजेरी यांचा वाली कोणी नाही. कित्येकदा ती गाडी नुसत्या जॅकवर तोललेली असते, खाली स्टँड नसतो. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आय. टी. आय. अभ्यासक्रम ज्याने केला, त्यालाही या गाड्यांचा स्कॅनर पाहायला मिळेलच असे नाही.

एकेका गॅरेजला चांगला स्कॅनर आणि त्याची दर वर्षाची वर्गणी परवडत नाही, हे खरे. पण वाशीम, रिसोड आणि कारंजा येथील दहा-बारा गॅरेजांनी मिळून एक घेतला तर? दीडशे श्रीमंतांना एका दिवसात जे जमले, ते बारा मिस्त्रींना का जमू नये? आम्ही या गॅरेजवाल्यांशी बोलणी चालवली आहेत. अडचण पैशांपेक्षा वेगळीच निघाली. स्कॅनर कोणाच्या दुकानात राहणार, यावर दोन बैठका झाल्या. तिसरी पुढच्या अमावास्येला, गॅरेजे बंद असतात त्या दिवशी आहे. गाडीमालकांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी अवश्य यावे, आणि येताना गेल्या दुरुस्तीचे बिल आणावे. प्रत्येक भाग वेगळा लिहिलेले असेल ते. तसे नसेल तर मागून घ्यावे, आणि बदललेला जुना भागही मागावा. तो तुमचा आहे. त्याचे पैसे तुम्ही दिलेले आहेत.