काढून टाकलं, काढून ठेवलं



चैत्र लागतो तेव्हा आपल्या नगर जिल्ह्यात कांद्याची काढणी चाललेली असते. आजचा विषय मी कांद्याच्या ढिगाशेजारी बसूनच मांडतो. इंग्रजीतल्या ‘टेक अवे’चा अर्थ विचारला, तर बहुतेक जण ‘काढणे’ म्हणतील. हिशेबात त्याला आपण ‘वजा करणे’ म्हणू, हॉटेलात ‘पार्सल नेणे’ म्हणू. पण ढिगापाशी बसलेली घरची बाई काय सांगते? “सडका काढून टाका. बियाण्याचा काढून ठेवा. खायला पाटीभर काढून घ्या. मावशींना चार काढून द्या.”

चारही वेळा कांदा ढिगातूनच निघाला. पुढे त्याचं काय झालं, ते टाकणे, ठेवणे, घेणे, देणे या सहायक क्रियापदांनी सांगितलं. इंग्रजी क्रियापदाला ‘अवे’, ‘ऑफ’, ‘आउट’ जोडते आणि दिशा दाखवते. मराठी दुसरं क्रियापद जोडते आणि हेतू दाखवते.

शेतात तर प्रत्येक पिकाला वेगळा शब्द आहे. गहू सोंगायचा, ऊस तोडायचा, कापूस वेचायचा. रब्बी ज्वारी उपटायची आणि मग तिची कणसं खुडायची. हाताची हालचाल बदलली की शब्द बदलतो.

‘काढणे’च्या मागे प्राकृतातला ‘कड्ढ’ आहे. त्याचा अर्थ ओढणे. आतलं ओढून बाहेर आणायचं, म्हणून आपण काटा काढतो तशी धारही काढतो. रांगोळी काढतो, वाट काढतो, शाळा काढतो. नाहीसं करणं आणि घडवणं, दोन्ही या एकाच शब्दात नांदतात.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात 1942 च्या ऑगस्टमध्ये नेहरू, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव यांना कैदेत आणून ठेवलं. त्यांनी तिथं दिवस काढले. त्याच भिंतींआड 1944 मध्ये नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. सोसणं आणि निर्मिती, दोन्हींना आपण ‘काढणे’च म्हणतो. त्याच्या साडेसहाशे वर्षं आधी, 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानदेवांनी संस्कृत गीतेचा अर्थ मराठीत काढला. मूळ गीता त्यानं तसूभरही उणी झाली नाही.

मला काळजी वाटते ती आजच्या ‘रिमूव्ह केलं’ची. नाव रिमूव्ह केलं, माणूस रिमूव्ह केला, मजकूर रिमूव्ह केला. टाकला, ठेवला की कुणी घेतला, याचा पत्ताच लागत नाही. ‘जमीन काढून घेतली’ म्हटलं की घेणाऱ्याचा हात दिसतो. ‘कामावरून काढून टाकलं’ म्हटलं की टाकलेला माणूस दिसतो. ‘कमी केलं’ म्हटलं की उरतो फक्त आकडा. अर्ज लिहिताना, बातमी देताना, ठराव मांडताना हे जोडक्रियापद जपून निवडा. अन्याय झालेल्या माणसाची अर्धी बाजू त्या एका शब्दात मांडलेली असते.

यादीतून एखाद्याचं नाव काढतात, तेव्हा ते पुसलं जातं. लेक शिकून मोठी होते, तेव्हा गाव म्हणतं, पोरीनं आईबापाचं नाव काढलं. शब्द तेच आहेत. पहिल्या वाक्यात माणूस नाहीसा होतो, दुसऱ्यात त्याचं घर उजेडात येतं. एवढं अंतर पेलणारं क्रियापद आपल्याकडे आहे. ते वापरात ठेवू या.